कोसबाडहून आधुनिक कलेच्या संग्रहालयांत

(नभोवाणीवरील भाषण)

कोसबाडच्या टेकडीवर उभें राहिलें म्हणजे पश्चिमेस चिकूच्या वाड्या आणि त्यांच्यापलीकडे समुद्राची निळी रेघ दिसते. पूर्वेस तोंड फिरविलें म्हणजे डोंगरांच्या कुशींत विखुरलेले वारल्यांचे पाडे दिसूं लागतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं बोर्डी येथें १९४५ सालीं सुरू केलेलें बालशिक्षणाचें कार्य पुढें याच टेकडीवर स्थिरावलें. गुरें चारणाऱ्या मुलांना शाळेंत येतां येत नाहीं, तर शाळेनेंच कुरणांत जावें, असा त्यांचा साधा न्याय होता. महागडीं साधनें आणण्यापेक्षां भोंवतालीं जें हातीं लागेल त्यावरूनच तेथें शिकविलें जाई. जवळच्या वस्तूवरून दूरची वस्तु समजून घ्यावी ही रीत मला त्या टेकडीनें दाखविली, आणि आज जो विषय मला सांगावयाचा आहे त्याला तीच रीत लावण्याचा माझा विचार आहे.

विषय आहे मोठ्या शहरांतील आधुनिक कलेच्या संग्रहालयाची भेट. विषयाचें नांव ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील हें मी जाणतों. आमच्याकडून मुंबईस जाणारा मनुष्य राणीचा बाग पाहतो, चौपाटीवर जातो, वस्तुसंग्रहालयांतील तलवारी आणि मूर्ति पाहतो. परंतु त्या वस्तुसंग्रहालयासमोर, रस्त्याच्या पलीकडेच, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, तिकडे त्याचें पाऊल वळत नाहीं. वळलेंच तर दहा मिनिटांत तो बाहेर येतो आणि म्हणतो, "कांहीं कळलें नाहीं बुवा!" या 'कांहीं कळलें नाहीं'विषयींच मला थोडें बोलावयाचें आहे. कारण मागच्या हिवाळ्यांत मी जिला बरोबर घेऊन गेलों, तिच्या तोंडून हें वाक्य एकदांही आलें नाहीं.

ती होती आमच्या शेजारच्या पाड्यावरील सत्तरी ओलांडलेली एक वारली आजी. बरोबर तिचा नातू होता. तो कापडावर आणि कागदावर वारली चित्रें काढून विकतो; संग्रहालय पाहण्याची हौस खरी त्याची. आजी निघाली ती एवढ्याचसाठीं, कीं पोरगा वरचेवर मुंबईस जातो तो कोठें जातो, तें तिला डोळ्यांनीं पाहावयाचें होतें. आपल्या हयातींत तिनें किती लग्नांचे चौक काढले याची मोजदाद तिच्यापाशीं नाहीं. तिचें बोलणें मी माझ्या भाषेंत सांगणार आहें. तिच्या बोलीची गोडी त्यांत उतरणार नाहीं, याबद्दल क्षमा असावी.

ज्या श्रोत्यांनीं वारली लग्न पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं चौकाविषयीं आधीं सांगितलें पाहिजे. पुढचें सारें त्यावर उभें आहे. लग्नघरांतील आंतली भिंत शेणानें सारवितात, तिच्यावर गेरूचा हात देतात, आणि तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या रंगानें, टोंक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनें, सवाशिणी त्या भिंतीवर चौकोन काढतात. चौकोनाच्या चारी कडांना नक्षीच्या पट्ट्या. मध्यें पालघट देवी, ती पिकांची आणि संततीची देवता. जवळच लहान चौकांत पंचशिऱ्या देव. भोंवतीं सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडें आणि वाजंत्री. माणूस काढावयाचा तो दोन त्रिकोणांचा. एकाचें टोंक खालीं, दुसऱ्याचें वर. दोन्ही टोंकें कमरेशीं भेटतात आणि खांद्यावर डोक्याचा वाटोळा ठिपका बसतो. एवढ्या सामग्रींत तो नाचतो, नांगरतो, भात झोडतो, ताडावर चढतो. चौक असल्यावांचून लग्न लागत नाहीं. आणि तें लावतांना गाणीं म्हणते ती धवलेरी, म्हणजे तेथें पुरोहिताचें आसनही स्त्रीकडेच आहे. लग्न पार पडतें, पावसाळे येतात, भिंत ओल धरते, आणि केव्हां तरी तिच्यावर पुन्हां सारवणाचा हात फिरतो. चित्र गेलें म्हणून कोणी हळहळत नाहीं. त्याचें काम झालेलें असतें.

आतां पाहा: या चित्रांत माणूस हुबेहूब दिसावा असा आग्रह नाहीं, चित्राखालीं कोणाची सही नाहीं, आणि तें टिकावें अशी कोणाची इच्छाही नाहीं. यांपैकीं पहिली गोष्ट आधुनिक कलेच्या अगदीं जवळची आहे, आणि उरलेल्या दोन तिच्या संग्रहालयाच्या अगदीं उलट आहेत. आमच्या भेटींत जें कांहीं घडलें तें या जवळिकीमुळें आणि या विरोधामुळें घडलें.

डहाणू रोडपासून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकल गाड्या २०१३ सालापासून सुरू झाल्या, त्यामुळें आमच्याकडच्या माणसाला मुंबई आतां एका दिवसाची झाली आहे. आम्ही पहाटेची गाडी धरली. आजी खिडकीशीं बसली आणि वैतरणेची खाडी ओलांडीपर्यंत बोलली नाहीं.

संग्रहालयाची इमारत पाहतांच ती चित्रांसाठीं बांधलेली नाहीं हें ध्यानांत येतें. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून १९११ सालीं उभें राहिलेलें हें सभागृह. रचनाकार जॉर्ज विटेट. समोरचें वस्तुसंग्रहालय आणि अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडिया यांचे आराखडेही त्यांचेच. या सभागृहांत संगीताच्या मैफली झाल्या, राजकीय सभा गाजल्या. पुढें शहरांत नवीं, थंड हवेचीं सभागृहें निघालीं तेव्हां त्याला उतरती कळा लागली, आणि मग मुष्टियुद्धें, कामगारांच्या सभा, लग्नाचे स्वागतसमारंभ असें जें मिळेल तें तेथें होऊं लागलें. शेवटीं कित्येक वर्षें काम चालून १९९६ सालीं तें आधुनिक कलेचें संग्रहालय म्हणून उघडलें. दिल्लीचें मूळ संग्रहालय १९५४ सालचें. ही त्याची मुंबईची शाखा. बाहेरचें दगडी रूप जुनेंच ठेवून आंत अर्धवर्तुळाकार दालनें एकावर एक अशीं रचलीं आहेत. माणूस जिन्यानें चढत चढत शेवटीं घुमटाखालच्या दालनांत पोंचतो.

हा सगळा वृत्तान्त मी पायरीवर बसून आजीला सांगितला. ती म्हणाली, "येथें लग्नें होत होतीं? मग भिंत कोण सारवीत असे?"

मी हांसलों, पण तो प्रश्न मला दिवसभर पुरला.

येथें एक सूचना करून ठेवितों. अशा संग्रहालयांतील मांडणी कायमची नसते. आज जीं चित्रें भिंतीवर आहेत तीं चार महिन्यांनीं तळघरांतल्या कपाटांत असतील आणि त्यांच्या जागीं दुसऱ्याच कोणाचें प्रदर्शन असेल. त्यामुळें अमुक चित्र पाहा असें सांगण्यांत अर्थ नाहीं. चित्र कसें पाहावें एवढेंच सांगतां येतें.

खालच्या दालनांत आम्हांला जुन्या वळणाचीं कांहीं तैलचित्रें लागलीं. नऊवारी नेसलेल्या स्त्रिया, शालजोडी पांघरलेले सद्गृहस्थ. साडीचा जर असा रंगविलेला, कीं हात लावून पाहावा. आपल्या मनांत चांगल्या चित्राची जी कल्पना असते ती हीच. आणि ती आपल्या घरीं आली ती रविवर्म्याच्या छापील चित्रांतून. त्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला, आणि दिनदर्शिकेवरील लक्ष्मी-सरस्वती आजतागायत त्याच वळणानें उभ्या राहतात. आजीनें हीं चित्रें पाहिलीं आणि एकच विचारलें: "या बाया आहेत कीं गेल्या?" गेल्या, असें मीं म्हटलें. ती पुढें चालूं लागली. मेलेल्या माणसाची आठवण म्हणून काढलेलें चित्र तिला अपरिचित नव्हतें; तिच्या लेखीं त्यांत विचारण्यासारखें अधिक कांहीं नव्हतें.

वरच्या दालनांत मात्र हुबेहूबपणा सुटतो, आणि नेमका तेथेंच आपला प्रेक्षक गडबडतो. तो सुटला कां, याचीं कारणें पुष्कळ आहेत. एक अगदीं साधें आहे. १८३९ सालीं पॅरिसमध्यें छायाचित्राची कृति जगापुढें ठेवण्यांत आली. माणूस जसा दिसतो तसा पकडण्याचें काम एक यंत्र करूं लागलें. तेव्हां चित्रकारांना स्वतःलाच विचारावें लागलें कीं, आतां आपलें काम कोणतें? कोणी प्रकाशाच्या मागें लागला, कोणी रेषेच्या, कोणी नुसत्या रंगाच्या. आपल्याकडे हें वारें जोरानें शिरलें तें १९४७ सालीं, मुंबईंतील प्रोग्रेसिव्ह मंडळींच्या हातून. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे या सहा जणांनीं तो गट काढला. आरा यांनीं तरुणपणीं लोकांच्या घरीं नोकराचें काम केलें होतें. हुसेन सिनेमाच्या जाहिराती रंगवीत. हीं नांवें त्या संग्रहालयांत वारंवार भेटतील, म्हणून सांगितलीं. त्यांचा इतिहास वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

आम्ही थबकलों तें एका मोठ्या चित्रापुढें. त्यांत माणूस नाहीं, झाड नाहीं, घर नाहीं. करड्या आणि तांबूस रंगाचा एक विस्तार, कोठें दाट, कोठें विरळ, मधूनच एकादी उजळ जागा. शहरी पोषाखाचे दोन तरुण त्याच्याजवळ आले, पाटी वाचली, एकमेकांकडे पाहून खांदे उडविले आणि गेले. आजी समोरच्या बांकावर बसली. नातू पुढें निघून गेला. ती बसूनच राहिली. बऱ्याच वेळानें म्हणाली, "गुरुजी, सारवण वाळतांना भिंत अशीच दिसते. अर्धी ओली, अर्धी सुकी. आम्ही वाट पाहत बसतों. ओल्यावर काढलें तर पांढरें फांकतें."

श्रोतेहो, मीं अमूर्त चित्रकलेवर थोडींबहुत पुस्तकें वाचलीं आहेत. त्या चित्रापुढें कसें उभें राहावें हें इतक्या थोडक्या शब्दांत मला कोणीं सांगितलें नव्हतें. तिनें 'हें कशाचें चित्र आहे?' असें विचारलेंच नाहीं. तिनें पृष्ठभाग पाहिला, कारण पृष्ठभाग तयार करण्यांत तिचा जन्म गेला आहे. रंग बसतो कसा, सुकतो कसा, कोठें हात जड पडला, कोठें थांबला, हें तिचे डोळे आपोआप पाहत होते. या पंथाचे आपल्याकडील थोर चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे. गोव्याच्या घराण्यांतील हा मनुष्य १९२४ सालीं नागपुरास जन्मला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकला. रूळ फिरवून, पात्यानें रंग खरवडून, कागदाचे फाटके तुकडे रंगावर दाबून त्यांचीं चित्रें सिद्ध होत, आणि वर्षाकाठीं हातून उतरत तीं अगदीं थोडीं. काढण्यापेक्षां वाट पाहण्यांतच त्यांचा अधिक वेळ जाई. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें २०१४ सालीं त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें, तेव्हां गायतोंडे निवर्तून तेरा वर्षें झालीं होतीं. त्यांची आणि आमच्या आजीची गांठ पडती तर दोघेंही फारसें बोललीं नसतीं; पण भिंत वाळेपर्यंत बसून राहण्याची कला दोघांनाही येत होती, असें मला वाटतें.

तेव्हां माझें पहिलें सांगणें एवढेंच, कीं 'हें काय आहे?' हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवावा आणि 'हें केलें कसें असेल?' असें विचारावें. शेतकरी, सुतार, शिंपी, रांगोळी घालणारी गृहिणी, ज्याच्या हाताला काम ठाऊक आहे त्या प्रत्येकाला या प्रश्नाचें उत्तर थोडेंफार सुचतेंच. एका दालनांत एकच चित्र निवडावें आणि त्यापुढें बसावें. सगळींच पाहण्याची सक्ति कोणीं केलेली नाहीं.

आतां नातवाकडे वळतों. तो घुमटाखालीं पोंचला होता आणि चित्रें न पाहतां पाट्या वाचीत होता. चित्रकाराचें नांव, जन्माचें साल, चित्राचें नांव, साधन, वर्ष. खालीं येतांना त्यानें मला विचारलें, "गुरुजी, माझीं चित्रें दुकानदार डझनावर घेतो. त्यांवर माझें नांव नको म्हणतो. मी काढतों ती हस्तकला आणि हे काढतात ती आधुनिक कला, हें ठरवितें कोण?"

त्याला मीं जें उत्तर दिलें तें तुम्हांलाही सांगतों. मात्र तें पुरें आहे असा माझा दावा नाहीं. त्यासाठीं आम्ही रस्ता ओलांडून जहांगीर कलादालनांत गेलों. हें दालन १९५२ सालीं उघडलें. तेथें प्रवेशाला पैसे पडत नाहींत, हेंही सांगून ठेवितों. याच इमारतींत वरच्या मजल्यावर केकू गांधी यांनीं १९६३ सालीं चेमोल्ड नांवाची एक लहानशी गॅलरी उघडली होती. ती पुढें २००७ सालीं दुसरीकडे गेली. त्या लहानशा जागेंत १९७५ सालीं आपल्या डहाणू तालुक्यांतील गंजाडच्या एका वारल्याचीं चित्रें एकट्याच्या नांवानें टांगलीं गेलीं. त्याचें नांव जिव्या सोमा म्हसे.

जिव्या म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा. सातव्या वर्षाच्या सुमारास आई गेली आणि मुलाचें बोलणें थांबलें; पुढें कित्येक वर्षें तो मातींत रेघोट्या ओढूनच मनांतलें सांगे. चौक काढणें हें सवाशिणींचें काम, पुरुषाचें नव्हे. परंतु हा मुलगा काढीत राहिला, लग्नासाठीं नव्हे तर स्वतःसाठीं. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन वारल्यांच्या पाड्यांवर आले. बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळांत मिथिलेच्या स्त्रियांना भिंतीवरचीं चित्रें कागदावर काढावयास लावून त्यांच्या पोटाची सोय करण्याच्या कामावर ज्यांना धाडलें होतें, ते हेच कुलकर्णी. त्यांना येथें जिव्या भेटले. भिंतीवर चौकोनाला धरून असणारें जग कागदावर मोकळें सुटलें: मासेमारीचें जाळें कागदभर पसरलें, मुंग्यांची वारुळें आलीं, आगगाडी आली. १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार, २०११ सालीं पद्मश्री. १५ मे २०१८ रोजीं ते गेले.

यांतला मला महत्त्वाचा वाटतो तो भाग परदेशांतला आहे, आणि तो पाटीवरच्या नांवाचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं पिकासोनें पॅरिसच्या एका संग्रहालयांत आफ्रिकेचे लांकडी मुखवटे पाहिले, आणि १९०७ सालच्या त्याच्या एका प्रसिद्ध चित्रांतील स्त्रियांचे चेहरे त्या मुखवट्यांसारखे झाले. तें चित्र आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयांत आहे, आणि आधुनिक कलेचा प्रारंभ पुष्कळ जण तेथून धरतात. त्याच संग्रहालयानें १९८४ सालीं एक मोठें प्रदर्शन मांडलें: एकीकडे पिकासोसारख्यांच्या कृति, शेजारीं आफ्रिकेच्या आणि प्रशांत महासागरांतील बेटांच्या कृति. चित्रकारांच्या कृतींखालीं नांव आणि साल होतें. मुखवट्यांखालीं जमातीचें नांव तेवढें होतें. करणारा कोण, त्यानें तें केव्हां केलें, याचा पत्ता नव्हता. त्यावर मोठा वाद झाला. पांच वर्षांनीं, १९८९ मध्यें, पॅरिस येथील पोंपिदू केंद्रानें आणि व्हिलेत येथील मोठ्या मंडपानें मिळून दुसरें प्रदर्शन भरविलें. जगाच्या सर्व खंडांतील शंभरांवर हयात कलावंत त्यांत होते, आणि युरोपचा असो वा आफ्रिकेचा, प्रत्येकाच्या कृतीपाशीं त्याचें स्वतःचें नांव होतें. त्या नांवांत मिथिलेच्या बौआदेवी होत्या आणि आमच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे होते. पुढें २००३ मध्यें जर्मनींतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयांत इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग आणि जिव्या म्हसे या दोघांचीं कामें समोरासमोर मांडलीं गेलीं. तेथें कोणी कोणाचा मुखवटा नव्हता.

नातवाला मीं सांगितलें तें असें: ठरविणारे पुष्कळ असतात. खरेदी करणाऱ्या समित्या, गॅलऱ्यांचे मालक, टीकाकार, सरकारी खातीं. आपल्याकडे तर वाटणी आरंभींच झाली. दिल्लींत १९५४ सालीं आधुनिक कलेचें घर निघालें आणि दोनच वर्षांनीं हस्तकलेचें वेगळें घर निघालें. मग कागदावर काढलेलें वारली चित्र कोणत्या दारानें आंत न्यावें हें कोणालाच नीट सुचेना. माझ्या मतें कसोटी गांवाची किंवा जमातीची नसावी. तोच तारप्याचा नाच, तीच बैलगाडी, डझनानें उतरवून काढली तर ती पेल्यावर असो वा कॅनव्हासवर, ती नक्कलच; मग ती काढणारा वारली असो वा जे. जे.चा पदवीधर. आणि आज, या वर्षीं, आपल्या मनांतली गोष्ट नव्यानें मांडण्यासाठीं जो दोन त्रिकोणांचा माणूस काढतो तो आधुनिकच. त्याची भाषा जुनी आहे म्हणून तो जुना ठरत नाहीं. २०१४ सालीं वारली चित्रांना भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, ती चांगलीच झाली. परंतु ती नोंदणी सगळ्या परंपरेच्या नांवाचें रक्षण करते, एका हाताचें नव्हे. तेवढ्यासाठीं चित्रावर त्याचें नांव हवें, आणि दुकानदार नको म्हणाला तरी हवें.

"आणि विकलें गेलें नाहीं तर?" त्यानें विचारलें. त्याचें पोट त्यावर आहे, माझें नाहीं. म्हणून मीं उत्तर देण्याची घाई केली नाहीं.

आजी हें सारें ऐकत होती. मला वाटलें, नांवाची गोष्ट ऐकून ती सुखावेल. ती म्हणाली, "चौकावर नांव कोणाचें घालणार? एक जण पट्टी काढते, एक देवी काढते, पोरी झाडें भरतात. चार जणींचे हात असतात. आणि तांदूळ नवरीच्या घरचे."

येथें, श्रोतेहो, माझ्या विद्वत्तेची गाडी रुतली ती अजून पुरती निघालेली नाहीं. संग्रहालयानें वारली चित्राला नांव दिलें, हा न्याय झाला. परंतु तें नांव मिळालें तें बहुतेक पुरुषांना, कारण कागद घेऊन बाजारांत गेले ते पुरुष. ज्या सवाशिणींनीं ही रेषा पिढ्यान् पिढ्या संभाळली, त्यांपैकीं किती जणींचीं नांवें आपल्याला ठाऊक आहेत? आणि त्यांना तीं नकोच असतील तर? भिंतीवरचा चौक कापून काचेमागें ठेवला तर तो चौक राहत नाहीं. त्याला नवरी लागते, गाणें लागतें, पुसलें जाणें लागतें. जिव्या म्हसे यांनीं चौक संग्रहालयांत नेला नाहीं. चौकाची लिपि घेऊन त्यांनीं दुसरें कांहीं लिहिलें. हा भेद मला त्या दिवशीं, त्या जिन्यावर, प्रथम स्पष्ट झाला. ज्या इमारतींत लग्नें होत होतीं आणि आतां चित्रें आहेत तेथें आजीनें सारवण्याविषयीं जें विचारलें होतें, त्याचा रोख हाच असावा.

परतीच्या गाडींत नातवानें पिशवींतून एक चित्र काढलें. दुसऱ्या दिवशीं द्यावयाच्या डझनांतलें. त्याच्या उजव्या कोंपऱ्यांत पेन टेंकवून तो बराच वेळ बसला होता. पालघर गेलें, बोईसर गेलें. मग त्यानें नांव लिहिलें, अगदीं बारीक अक्षरांत, झाडाच्या मुळाशीं, जेथें दुकानदाराचें लक्ष सहसा जाणार नाहीं. आजीनें तें पाहिलें कीं नाहीं हें मला सांगतां येणार नाहीं. तिचे डोळे मिटलेले होते.

ज्यांना जावयाचें असेल त्यांच्यासाठीं दोन गोष्टी सांगून पुरें करितों. संग्रहालय सोमवारीं बंद असतें, तेव्हां रविवारला जोडून सोमवारची सुटी काढणाऱ्यांनीं रविवारींच तें उरकावें. चर्चगेटपासून तें चालत जाण्याजोगें आहे. सकाळीं जावें, दुपारनंतर पाय थकतात आणि थकल्या पायांनीं चित्र दिसत नाहीं. बसावयास बांक मिळाला तर सोडूं नये. आणि घरांत चौक काढणारी, रांगोळी घालणारी किंवा गोधडी शिवणारी एकादी म्हातारी असेल तर तिला अवश्य बरोबर न्यावें. मात्र जिने बरेच आहेत, त्याची तिला आधीं कल्पना द्यावी.